प्रोग्रामरांचे विनोद आणि त्यामागची खरी भानगड

चौकटी_कंस

विनोद समजावून सांगितला की मेला, असं म्हणतात. प्रोग्रामिंगमधल्या विनोदांबाबत मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे जो विनोद वर्षानुवर्षं टिकतो, त्याच्या पोटात यंत्राची एखादी खरी अडचण असते. ती अडचण कळली की विनोद जास्त रंगतो, आणि विषयही कळून जातो. टीममध्ये नवीन आलेली मुलं बाकीचे हसतात म्हणून हसतात आणि तिथेच थांबतात. त्यांना पुढचं कुणीतरी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून हा धागा. एखादा विनोद, एखादी खोडी किंवा एखादं टूल घ्या आणि नीट इस्कटून सांगा. नुसती शेवटची ओळ टाकून पळू नका.

सुरुवात मी करतो. प्रोग्रामर फिल कार्लटन यांचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं असेल: संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, कॅश इनव्हॅलिडेशन (पटकन मिळावी म्हणून जवळ साठवलेली प्रत शिळी झाली की बाद करणं) आणि नावं देणं. पुढे कुणीतरी त्याला शेपूट जोडलं: अवघड गोष्टी दोनच, कॅश इनव्हॅलिडेशन, नावं देणं आणि एकाने चुकणारी मोजणी.

यातलं कॅशचं बघा. कॅश भरणं कुणालाही जमतं. पण साठवलेलं उत्तर शिळं झालंय हे कॅशला आपणहून कळत नाही. ते ज्याने मूळ डेटा बदलला त्यालाच माहीत असतं, आणि त्या डेटाच्या प्रती कुठेकुठे पडल्यात हे नेमकं त्याला माहीत नसतं. सगळी अडचण या दोघांमध्ये आहे. मुदत लावून प्रती बाद करा, बदलताना निरोप पाठवा किंवा नावातच आवृत्तीचा क्रमांक घाला. तीनही उपाय त्या दोघांना एकमेकांची खबर देण्याचेच आहेत.

नावांबद्दल एकच सांगतो. फंक्शनला नाव सुचत नसेल तर बहुतेक वेळा ते फंक्शन दोन कामं करत असतं. आधी ते तोडा, नाव आपसूक सुचेल.

उलटमोजणी

धागा आवडला. शेपटातली ती तिसरी गोष्ट मी घेतो, कारण तिच्यावर उपाय आहे आणि तो फार कमी लोक जाणीवपूर्वक वापरतात.

कुंपणाचं जुनं कोडं: ३० मीटर सरळ कुंपण, दर ३ मीटरला एक खांब. खांब किती? पटकन १० म्हटलं जातं, लागतात ११. आपण मध्ये मोजतो अंतरं आणि उत्तर हवं असतं खांबांचं. लूपमधल्या बहुतेक चुका याच घोळातून येतात.

संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली हाताने लिहिलेलं एक छोटं टिपण आहे, मोजणी शून्यापासून का करावी यावर. जेमतेम दोन-तीन पानांचं, पण त्यातला युक्तिवाद अगदी रेखीव आहे. २ ते १२ हे आकडे लिहायचे तर '२ पासून, १३ च्या आत' असं लिहा. सुरुवात धरायची, शेवट वगळायचा. मग १३ वजा २ म्हणजे ११, हीच थेट लांबी. एक मिळवायचा नाही, वजाही करायचा नाही. शेजारचा पट्टा नेमका १३ पासून सुरू होतो. आणि रिकामा पट्टा लिहायचा तर '२ पासून, २ च्या आत', वेगळी खटपट नाही. हे एकदा मान्य केलं की क्ष घटकांच्या यादीचा पट्टा '० पासून, क्ष च्या आत' हाच सर्वांत साधा ठरतो.

पायथनची रेंज आणि स्लाइस याच पद्धतीने चालतात. माझा आग्रह एवढाच की एका कोडबेसमध्ये एकच पद्धत ठेवा. दोन पद्धती जिथे भेटतात, तिथे एकाची चूक हमखास सापडते.

खालचा_थर

उलटमोजणी, +१. मी याच्याच शेजारचं उदाहरण देतो, मला फार प्रिय असलेलं.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ साली एका टिपणाच्या शेवटी लिहिलं होतं: वरच्या कोडमधल्या बगांपासून सावध राहा, मी तो फक्त बरोबर असल्याचं सिद्ध केलंय, चालवून पाहिलेला नाही. लोक हे वाचून हसतात आणि सोडून देतात. पण यातला इशारा किती खरा आहे, हे २००६ साली दिसलं.

बायनरी सर्च सगळ्यांना येतो. क्रमाने लावलेली यादी, खालची हद्द, वरची हद्द, दोन्हींचा मध्य काढायचा, तिथे बघायचं, अर्धी यादी टाकून द्यायची. मध्य कसा काढतो आपण? खालची अधिक वरची, भागिले २. या ओळीकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

जॉशुआ ब्लॉक यांनी २००६ साली लिहिलं की जवळपास सगळे बायनरी सर्च याच ओळीत मोडलेले आहेत. जावाच्या प्रमाण लायब्ररीतला बायनरी सर्च त्यांनी स्वतः लिहिला होता, आणि त्यात हा दोष सुमारे नऊ वर्षं पडून होता. ब्लॉक विद्यार्थी असताना जॉन बेंटली यांच्या वर्गात बसले होते. बेंटली विद्यार्थ्यांना बायनरी सर्च लिहायला लावत आणि बहुतेकांचा चुकलेला निघे. पण बेंटलींनी ज्याची सिद्धता देऊन पुस्तकात छापला होता, त्या कोडमध्येही हाच दोष होता!

सिद्धतेत काही खोट नव्हती. सिद्धतेतल्या पूर्णांकांना अंत नसतो. यंत्रातल्या पूर्णांकांना असतो.

नवशिकी

खालचा_थर, इथे मी अडकले. दोन धन संख्यांची बेरीज, तिचा निम्मा. यात चुकायला जागा कुठे आहे? जरा आकडे घालून सांगाल का?

खालचा_थर

नक्की. जावातला साधा पूर्णांक ३२ बिटांचा. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७. तिच्यात १ मिळवला की उत्तर येतं −२१४७४८३६४८. घड्याळाचा काटा फिरून दुसऱ्या टोकाला जातो. जावा इथे कोणतीही तक्रार करत नाही.

आता समजा यादी प्रचंड आहे आणि शोध तिच्या उत्तरार्धात पोचलाय. खालची हद्द १५०००००००० आणि वरची १६००००००००. दोन्ही आकडे ३२ बिटांत बसतात. बेरीज ३१०००००००० मात्र बसत नाही. यंत्र त्यातून ४२९४९६७२९६ वजा झाल्यासारखं उत्तर देतं, म्हणजे −११९४९६७२९६. त्याचा निम्मा −५९७४८३६४८. आणि या ऋण क्रमांकाच्या जागी तुम्ही ॲरेत बघायला जाता. जावा अपवाद फेकून थांबते. सी मध्ये तर असा ओव्हरफ्लो झाला की पुढे काय होईल याची भाषा हमीच देत नाही.

उपाय एका ओळीचा: खालची अधिक (वरची वजा खालची) भागिले २. म्हणजे १५०००००००० अधिक ५०००००००, उत्तर १५५०००००००. वजाबाकी कधीच हद्दीबाहेर जात नाही, म्हणून हे सुरक्षित.

हा दोष एवढी वर्षं का दिसला नाही, तेही लक्षात घ्या. तो दिसायला यादीत शंभर कोटींच्या वर घटक लागतात. १९९० च्या दशकात एवढी यादी मेमरीत धरतं कोण? कोड तसाच राहिला, यंत्रं वाढली आणि झोपलेला बग जागा झाला.

अवांतर: हीच गोष्ट तारखांच्या बाबतीत येणार आहे. जुन्या युनिक्स पद्धतीत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ते ३२ बिटांत ठेवले असतील तर १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसी वेळेनुसार ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी मोजणी संपते. पुढच्या सेकंदाला तारीख थेट १९०१ च्या डिसेंबरात. तुमच्या डेटाबेसमध्ये, फाइल फॉरमॅटमध्ये असा रकाना आहे का, ते आत्ताच बघून ठेवा.

नवशिकी

आता लख्ख कळलं! मनापासून धन्यवाद.

टर्मिनलवासी

बायनरी सर्चचा विषय निघालाच आहे तर त्यावर उभं असलेलं माझं सर्वांत लाडकं टूल सांगतो: गिट बायसेक्ट. गिट कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं, अशा एका नोंदीला कमिट म्हणतात.

विनोद आधी. कमिटचे संदेश असे असतात: 'दुरुस्ती', मग 'शेवटची दुरुस्ती', मग 'खरोखर शेवटची दुरुस्ती', मग 'आता तरी चाल'. सगळ्यांनी पाहिलेत. आता त्यामागचं.

गेल्या महिन्यात एखादी गोष्ट चालत होती, आज चालत नाही, मधे १००० कमिट झालेत. कुठल्या कमिटने मोडली? एकेक वाचत बसायचं कारण नाही. गिटला एक चांगला कमिट आणि एक वाईट कमिट दाखवायचा. गिट मधला कमिट काढून समोर ठेवतं, तुम्ही चालवून बघता आणि 'गुड' किंवा 'बॅड' सांगता. दर उत्तराला निम्मे कमिट बाद. १००० कमिटांसाठी साधारण १० वेळा तपासलं की गुन्हेगार हातात.

खरी मजा 'बायसेक्ट रन'मध्ये आहे. तपासणीची स्क्रिप्ट गिटच्या हवाली करायची आणि आपण दुसरं काम करायचं. स्क्रिप्टने ० परत दिला तर चांगला, १ ते १२७ मधला दुसरा आकडा दिला तर वाईट. १२५ मात्र राखीव आहे: या कमिटबद्दल काही सांगता येत नाही, पुढे चला. मधला एखादा कमिट कंपाइलच होत नसेल तर १२५ द्या. त्याला 'वाईट' ठरवलंत तर शोध भलतीकडे जाईल.

आता संदेशांकडे परत या. बायसेक्ट तुम्हाला अचूक एका कमिटवर आणून सोडतं. तिथे ४० फाइलींचा बदल आणि संदेश 'आता तरी चाल' असेल, तर सगळी मेहनत त्या ओळीपाशी संपते. छोटा कमिट आणि 'का बदललं' हे सांगणारा संदेश हा शिस्तीचा दिखावा नव्हे. पुढे ज्या दिवशी कुणीतरी शोधत त्या कमिटवर येईल, त्या दिवसासाठी ते लिहायचं असतं.

रिकामी_ओळ

माझं आवडतं: ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३०००००००००००००००४.

यंत्र दशांश अपूर्णांक २ च्या घातांत ठेवतं. जसा १/३ आपल्याला दशांशात पुरा लिहिता येत नाही, तसा १/१० यंत्राला द्विमानात पुरा लिहिता येत नाही. कुठेतरी कापावाच लागतो. म्हणून पैशांचे हिशेब सर्वांत लहान नाण्याच्या पूर्णांकात ठेवावेत, आणि दोन अपूर्णांक थेट 'समान आहेत का' असं विचारू नये.

खालचा_थर

रिकामी_ओळ, याच्या पुढची गोष्ट विनोदाची नाही, पण सांगायलाच हवी. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धाहरान. तिथल्या पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात चालत होतं, आणि सेकंद काढायला त्या आकड्याला ०.१ ने गुणत होते. ०.१ हा २४ बिटांत कापलेला. दर टिकेला, म्हणजे घड्याळाच्या दर ठोक्याला, होणारी चूक अगदी बारीक: एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहून किंचित कमी. यंत्रणा १०० तास बंद न करता चालली. १०० तासांत ३६ लाख टिका. चूक साचून सुमारे ०.३४ सेकंद झाली.

तेवढ्या वेळात येणारं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणेने चुकीच्या जागी पाहिलं, आणि २८ सैनिक मेले.

म्हणून हा 'शून्य पॉइंट तीन'चा विनोद कुणी दाखवला की मी नवीन लोकांना हेही सांगतो.

चौकटी_कंस

हे माहीत असायलाच हवं. सांगितलंत ते बरं केलंत.

पूर्णविराम

मी आपल्या लिपीकडे येते. मुलाखतीत हमखास विचारतात: स्ट्रिंग (अक्षरांची रांग) उलटी करा. बहुतेक लोक उलट्या क्रमाने लूप फिरवतात आणि काम झालं म्हणतात. त्या लूपमध्ये 'क्षत्रिय' घालून बघा. बाहेर येतं 'यिर्तष्क'.

का ते बघू. आपण 'क्षत्रिय' वाचतो तेव्हा तीन अक्षरं दिसतात: क्ष, त्रि, य. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, मात्र ते आठ कोड पॉइंट (क्रमांक दिलेली चिन्हं) आहेत: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व इकार, य. लूप या आठांची रांग उलटी करतो. शेवटचा य पहिला येतो, त्याच्यामागे इकार येतो आणि तो य ला चिकटतो. हलन्त आता भलत्याच दोन व्यंजनांच्या मधे उभे राहतात आणि नवीन जोडाक्षरं तयार करतात. यंत्राने सांगितलेलं काम चोख केलंय, 'अक्षर' म्हणजे काय हे आपण त्याला सांगितलेलं नाही.

लांबी विचारलीत तर उत्तर भाषेवर अवलंबून. पायथन आणि जावास्क्रिप्ट ८ सांगतील. रस्ट आणि गो २४ सांगतील, कारण ते यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक पद्धत) चे बाइट मोजतात आणि देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तिथे ३ बाइट घेतो. वाचणारा माणूस ३ म्हणेल. आपापल्या जागी तिघंही बरोबर आहेत. डेटाबेसच्या रकान्याची मर्यादा ठरवताना बाइट बघा, स्क्रीनवर मजकूर कापताना माणसाचं अक्षर बघा.

त्या माणसाच्या अक्षराला युनिकोड ग्राफीम क्लस्टर म्हणतं. आणि इथे एक आनंदाची गोष्ट आहे. जुन्या नियमांनी हलन्तानंतर तुकडा पडायचा, म्हणजे 'क्षत्रिय'चे पाच तुकडे व्हायचे: क्, ष, त्, रि, य. २०२३ साली आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी नियम जोडला गेला, आणि आता जोडाक्षर एकसंध धरलं जातं. तुमची लायब्ररी कुठल्या आवृत्तीवर आहे त्याप्रमाणे उत्तर ५ किंवा ३ येईल. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी इंटल सेगमेंटर आहे, स्विफ्टची स्ट्रिंग तर मुळातच क्लस्टर मोजते.

मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या ॲपच्या टेस्टमध्ये एक जोडाक्षरवाला शब्द आणि एक 'ऱ्या'वाला शब्द कायमचा घालून ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती. तुमच्या वाचकांचं नाव पडद्यावर तुटलेलं दिसू नये.

उलटमोजणी

पूर्णविराम, ही पोस्ट साठवून ठेवली. 'यिर्तष्क' आता टेस्टमध्ये जाणार.

नवशिकी

एक मनातलं बोलते. इथले विनोद वाचताना बरं वाटलं, कारण ते यंत्रावर आहेत. काही विनोद माणसावर असतात. 'हिला व्हिममधून बाहेर पडता येत नाही' असं सगळ्यांसमोर म्हटलं गेलं की प्रश्न विचारायची हिंमत जाते. आणि तो विनोद मला अजूनही कुणी उलगडून सांगितलेला नाही.

टर्मिनलवासी

मग मी सांगतो, आणि नीट सांगतो. आधी हे ऐका: व्हिम या मजकूर लिहायच्या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. तुम्ही एकट्या नाही.

कारण इतिहासात आहे. व्हिमचा पूर्वज व्हीआय, बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिला. तेव्हाची जोडणी इतकी संथ की पडद्यावर अक्षरं उमटायला वाट बघावी लागे. मेन्यू नाहीत, माउस नाही. म्हणून एकाच कळीला दोन अर्थ दिले: एका मोडमध्ये ती अक्षर लिहिते, दुसऱ्यात हुकूम देते. जॉय वापरत होते त्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. व्हिममध्ये आजही त्याच कळांनी कर्सर हलतो.

बाहेर पडायला: एस्केप दाबा, म्हणजे तुम्ही हुकूमाच्या मोडमध्ये. मग कोलन, क्यू, एंटर. बदल टाकून द्यायचे असतील तर क्यूनंतर उद्गारचिन्ह. जतन करायचे असतील तर कोलन, डब्ल्यू, क्यू. बस. ज्याने हसून सोडून दिलं त्याला हे सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

चौकटी_कंस

नवशिकी, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माणसावर केलेल्या विनोदातून कुणाला काही शिकता येत नाही, म्हणून मला तो आवडत नाही.

रिकामी_ओळ

थोडा विरोध नोंदवतो. प्रत्येक विनोदाला धडा चिकटवायलाच हवा का? इंटरकल ही भाषा घ्या. १९७२ साली डॉन वुड्स आणि जेम्स लायन या प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी केली. त्यात विधानांच्या आधी अधूनमधून 'प्लीज' लिहावं लागतं. कमी लिहिलंत तर कंपाइलर उद्धट म्हणून प्रोग्राम नाकारतो, फार लिहिलंत तर लाळघोटा म्हणून नाकारतो. पायथनमध्ये 'फ्यूचर'मधून महिरपी कंस आयात करायला जा, उत्तर येतं: शक्यच नाही. हे निव्वळ आनंदासाठी केलंय, आणि तेवढं पुरे आहे.

चौकटी_कंस

आनंद पुरे आहे, हे कबूल. पण तुमच्याच उदाहरणात बघा. इंटरकलचा कंपाइलर खरोखर लिहिलेला आहे आणि चालतो. विनोद शेवटपर्यंत नेण्यासाठी कुणीतरी पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) लिहिला. इतकी मेहनत घेतलेला विनोद मला कलाकुसरीचाच भाग वाटतो.

उलटमोजणी

मेहनतीचं निघालं तर कबुतरं आलीच पाहिजेत.

१ एप्रिल १९९० रोजी आरएफसी ११४९ (इंटरनेटचे नियम अशा क्रमांकाच्या दस्तऐवजांत छापतात) निघाला: इंटरनेटची पाकिटं कबुतरांमार्फत पाठवण्याचं मानक. पाकीट कागदाच्या सुरळीवर छापायचं, पायाला बांधायचं. एका पाकिटाची कमाल मर्यादा बाइटमध्ये न देता वजनात दिलीय, साधारण २५६ मिलिग्रॅम. आणि वाहकाचं वय वाढतं तशी ती वाढते, असंही त्यात लिहिलंय.

२००१ च्या एप्रिलमध्ये नॉर्वेतल्या बर्गन लिनक्स यूझर ग्रुपने ते खरंच करून दाखवलं. पिंगची, म्हणजे 'पोचलं का' असं विचारणारी, ९ पाकिटं पाठवली, ४ उत्तरं आली. ५५ टक्के गळती. उत्तराला लागलेला वेळ कमीत कमी ५३ मिनिटं, जास्तीत जास्त पावणेदोन तासांच्या आसपास.

मला हे प्रात्यक्षिक कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा मोलाचं वाटतं. पाकिटं पत्त्यावर पोचवणाऱ्या आयपी थराला खाली तांब्याची तार आहे, काच आहे की पंख आहेत याने काहीही फरक पडत नाही. पाकीट हरवेल, उशिरा येईल, क्रम बदलेल, हे सगळं त्याने आधीच गृहीत धरलंय. थरांची रचना म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला कबुतरांवरून एकदा सांगितलं की तो विसरत नाही.

पूर्णविराम

त्याच घराण्यातला ४१८! १ एप्रिल १९९८ च्या आरएफसी २३२४ मध्ये कॉफीच्या भांड्यांना हुकूम देण्याचा प्रोटोकॉल आहे. चहादाणीला कॉफी करायला सांगितली तर तिने ४१८ हा कोड द्यावा: मी चहादाणी आहे. लोकांनी तो हौसेने खऱ्या लायब्ऱ्यांमध्ये घातला. २०१७ मध्ये तो काढून टाकायचा प्रस्ताव आला, तेव्हा जोरदार विरोध झाला आणि तो राहिला. २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये ४१८ राखीव म्हणून नोंदलाय. इतक्या ठिकाणी गंमत म्हणून वापरलाय की नजीकच्या काळात दुसऱ्या कामाला देता येणार नाही, असं कारण दिलंय.

वेबवर विनंतीतली चूक कळवायला ४०० ते ४९९ म्हणजे शंभरच आकडे. त्यातला एक विनोदाने अडवला. जे एकदा लोकांच्या हातात गेलं ते परत घेता येत नाही.

खालचा_थर

आणि त्याला लोक फार लागत नाहीत. प्रोग्राम बांधणाऱ्या 'मेक' या टूलच्या मेकफाइलमध्ये हुकमाच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये मेक लिहिलं. टॅबची अडचण लक्षात येईपर्यंत वापरणारे डझनभर झाले होते, बरेचसे मित्रच. त्यांचं काम मोडू नये म्हणून टॅब तसाच ठेवला. आज सगळं जग तो टॅब दाबतंय.

जावास्क्रिप्टमध्ये नलचा ('इथे काहीच नाही' या किमतीचा) प्रकार विचारला की 'ऑब्जेक्ट' येतं, तेही तसंच. पहिल्या आवृत्तीत ऑब्जेक्टची खूण शून्य होती आणि नल म्हणजे सगळीच शून्यं. सुधारायचा प्रस्ताव आला होता, पण चालू साइट्स मोडतात म्हणून सोडून द्यावा लागला.

म्हणून एपीआय (इतरांच्या कोडने आपला कोड वापरायचे ठरलेले हुकूम) बाहेर सोडण्याआधीचा शेवटचा आठवडा हा सर्वांत मोलाचा आठवडा असतो, असं मी टीमला सांगतो.

टर्मिनलवासी

'माझ्या मशीनवर चालतंय' अजून कुणी घेतला नाही? त्याचं उत्तर ठरलेलं: 'मग तुझं मशीनच ग्राहकाला पाठवू.' २०१३ मध्ये डॉकर आलं आणि जवळपास तेच झालं. फाइलसिस्टीम, लायब्रऱ्या, सेटिंग असं सगळं बांधून पाठवायचं. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) तेवढा यजमान मशीनचा.

तरी काही गोष्टी निसटतात. मॅकवर फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सहसा सारखंच धरलं जातं, लिनक्सवर नाही. आणि टर्किश लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग): तिथे लहान 'आय'चं मोठं रूप वर टिंब असलेला 'आय' होतं. जावात लोकेल न सांगता कीवर्ड मोठ्या लिपीत बदललात तर त्या यंत्रावर तुलना फसते. अशा ठिकाणी लोकेल रूट द्या.

नवशिकी

टर्मिनलवासी, काल बायसेक्ट वापरून पाहिलं. फार आवडलं. एक शंका: आमची एक टेस्ट कधी पास होते, कधी उगीचच नापास. अशा वेळी बायसेक्टवर विश्वास ठेवायचा का?

टर्मिनलवासी

थेट ठेवू नका. एकच चुकीचं उत्तर मिळालं तर उरलेला सगळा शोध चुकीच्या अर्ध्या भागात होतो. स्क्रिप्टमध्ये तीच टेस्ट पुन्हा पुन्हा चालवा. तुम्ही शोधताय तो बग अधूनमधून दिसणारा असेल तर एकदाही नापास झाली की 'वाईट', सगळ्या वेळा पास झाली तरच 'चांगला'. किती वेळा चालवायची, हे बग किती विरळ दिसतो त्यावर ठरवा. आणि टेस्टच मुळात लहरी असेल, बगाशी तिचा संबंध नसेल, तर ती वापरू नका. फक्त तो बग पकडणारी छोटी स्क्रिप्ट वेगळी लिहा.

मधेच एखाद्या कमिटला चुकीची खूण दिली असं वाटलं तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. 'बायसेक्ट लॉग'ने आतापर्यंतची उत्तरं फाइलमध्ये काढा, चुकीची ओळ खोडा, रीसेट करा, मग 'बायसेक्ट रिप्ले'ला ती फाइल द्या. आणि शोध संपल्यावर 'बायसेक्ट रीसेट' नक्की द्या, नाहीतर नवीन काम जुन्या कमिटवर उभं राहून सुरू होईल.